यमुना १४

कारखान्यातलं लेबल छापायचं मशीन एकच लेबल छापण्यासाठी बनवलेलं नसतं. त्याला दहा हजार छापायला सांगा, ते कुरकुर करणार नाही. एक सांगा, की अडखळतं. या मशीनांच्या दुरुस्तीत मी एकतीस वर्षं घालवली, त्यातली बहुतेक दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये, आणि तरी ही गोष्ट नीट लक्षात आली ती रिटायर झाल्यावर.

माझे वडील अहमदनगरहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आम्ही तीन भावंडं वाढलो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. भावांनी सरकारी नोकऱ्या धरल्या. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून प्रिंटर विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर झालो. मी ऑफिसातले कागद छापणारे प्रिंटर दुरुस्त करतो, अशी नातेवाइकांची शेवटपर्यंत समजूत होती आणि मी समजावणं सोडून दिलं होतं. इथे मात्र थोडं समजावतो.

गाडीच्या जवळजवळ प्रत्येक भागावर एक लहान लेबल असतं: कुठला भाग, कुठल्या दिवशी बनला, कुठल्या लाइनवर. ते छापणारं मशीन म्हणजे एक जड लोखंडी पेटी. आत एकीकडे कोऱ्या लेबलांचा रोल, दुसरीकडे शाईची रिबन. दोन्ही एकावर एक होऊन एका रबरी रोलरवरून जातात आणि वरून हेड टेकलेलं असतं. हेडवरचे बारीक ठिपके तापतात, रिबनची शाई वितळते आणि लेबलवर बसते. दोन लेबलांच्या मध्ये एक फट असते. एक सेन्सर ती फट बघतो आणि मशीनला सांगतो, इथे एक संपलं, दुसरं सुरू झालं. एवढंच. पण लेबल नाही तर माल बाहेर जात नाही, म्हणून लेबल थांबलं की लाइन थांबायची आणि माझा फोन वाजायचा.

मानेसरच्या एका हेडलाइटच्या कारखान्यात एक मशीन रोज सकाळी अकराच्या सुमाराला दोन-तीन लेबलं गाळायचं. फक्त थंडीत. मी हेड बदललं, सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. चार दिवस तिथेच बसून राहिलो. चौथ्या दिवशी डोकं वर केलं तेव्हा दिसलं, की छपरात उजेडासाठी बसवलेल्या एका पारदर्शक पत्र्यातून उन्हाची तिरीप खाली येतेय आणि बरोबर अकराला सेन्सरवर पडतेय. सेन्सरला सगळीकडे फटच दिसत होती. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून मशीनच्या बाजूला चिकटवला. सुपरवायझर म्हणाला, "गायकवाड जी, एक गत्ता लगाने में आपको चार दिन लगे." मी म्हटलं, "गत्ता दो मिनट में लगा. चार दिन सूरज ढूंढने में लगे."

नोकरीच्या सुरुवातीला मला शिकवणारे सीनियर होते, भाटिया साहेब. ते एक गोष्ट सारखी सांगायचे. लेबल छापणाऱ्यासाठी नसतं, वाचणाऱ्यासाठी असतं. कोण वाचणार आहे, हे आधी विचार, मग मशीनला हात लाव. मी ती गोष्ट पुढे कितीतरी नवीन इंजिनिअरांना सांगितली. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो. ही हकिगत त्याचीच आहे.

रिटायर झालो त्या वर्षी मानेसरच्या एका कारखान्याने लेबलं बंद करून भागांवर लेझरने कोरायला सुरुवात केली. जुनी मशीनं भंगारात निघाली. त्यातलं एक मीच बसवलेलं होतं. स्टोअरच्या माणसाला सांगून ते मी नोएडाला घरी आणलं. का आणलं, ते सांगता येणार नाही. बायकोने बाल्कनीतल्या तुळशीशेजारी, म्हणजे तिच्या चहात घालायच्या तुळशीशेजारी, जागा करून दिली आणि एवढंच विचारलं, की यावर पीठ दळता येतं का.

आमच्या चर्चमध्ये सिस्टर लिसी येतात. केरळच्या, वय पन्नाशीचं, नर्सिंगमध्ये आयुष्य गेलेलं. आमच्या घरापासून तीन सेक्टर पलीकडे एक वृद्धनिवास आहे, तिथल्या त्या मॅट्रन. एका रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी मला गाठलं.

"गायकवाड जी, आप लेबल का काम करते थे न? मेरे यहां कपड़ों का बहुत झगड़ा है."

झगडा असा होता. निवासात चाळीसएक वृद्ध. कपडे बाहेरच्या लाँड्रीत एकत्र जायचे आणि ढीग होऊन परत यायचे. सगळ्यांचे पांढरे कुर्ते-पायजमे, सगळ्यांचे तेच ते राखाडी स्वेटर, बायकांचे सुती गाऊन. मार्करने लिहिलेली नावं चार धुण्यांत पुसली जायची. आपला स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर दिसला, की माणसं जेवणाच्या टेबलावरून उठून जायची. सिस्टर म्हणाल्या, "इनके पास अब अपना बोलके कपड़ा ही तो बचा है." त्यांना प्रत्येकाच्या प्रत्येक कपड्यावर नावाचा कापडी टॅग शिवायचा होता. बाजारात टॅग छापून देणारे होते, पण ते एका नावाचे पाचशे देणार. सिस्टरना पाहिजे होते एका नावाचे वीस. कुणी नवीन आलं तर त्याच दिवशी. कुणाला नवीन स्वेटर मिळाला तर फक्त एक.

मी हो म्हटलं. घरी मशीन होतंच.

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. कापडी टॅगची टेप म्हणजे साटिनची लांब पट्टी. तिच्यात फट नसते, त्यामुळे सेन्सर आंधळा. तो बंद करून मी मशीनला ठरावीक लांबी मोजायला शिकवलं. हे तासाभरात झालं. मग शाई. कागदावरची नेहमीची रिबन कापडावर छान उठली आणि तिसऱ्या धुण्यात गेली. तेव्हा मी सरोजिनी नगरच्या कपडेबाजारात जाऊन एक्सपोर्टच्या उरलेल्या मालातले जुने, धुतलेले कपडे चाळत बसलो. कुठल्या पट्टीवरचं छापलेलं टिकलंय, कुठल्यावरचं उडालंय, ते बघत. दुकानदाराला वाटलं, मी कुठल्यातरी खात्याचा इन्स्पेक्टर आहे. त्याने चहा मागवला. शेवटी जास्त तापमानाला वितळणारी राळेची रिबन घेतली, मशीनचा वेग निम्मा केला, हेडची उष्णता वाढवली. छापलेले टॅग सोड्याच्या पाण्यात उकळून बघितले. टिकले.

खरी अडचण पुढे होती. मशीन छापतं एका जागी आणि टॅग कापायचा दोन बोटं पुढे. दहा हजार छापताना याने काही बिघडत नाही. एकच छापायचा असेल, तर तो कापण्यासाठी टेप पुढे सरकवावी लागते आणि पुढच्या टॅगसाठी तेवढीच मागे घ्यावी लागते. कागद ताठ असतो, मागे जातो. साटिन जात नाही. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. टेप रोलरमागे गोळा व्हायची, तिला घडी पडायची आणि 'शकुंतला'चा 'कुं' घडीत जायचा. यावर दीड आठवडा गेला. मोटर लावून बघितली, स्प्रिंग लावून बघितली. शेवटी रोल आणि मशीन यांच्यामध्ये टेपला एक सैल झोळ दिला आणि त्या झोळात दोन पितळी नट लटकवले. टेप मागे आली, की नटांच्या वजनाने झोळ खाली जातो आणि पट्टी ताणलेली राहते. एकतीस वर्षांच्या अनुभवातून निघाले ते दोन नट. टॅग कापायला सोल्डरिंगची टोकदार सळी चपटी करून घेतली, म्हणजे कडा वितळून बंद होते, धागे निघत नाहीत.

मशीन मी निवासाच्या स्टोअररूममध्ये हलवलं आणि दर मंगळवारी जाऊ लागलो. टॅगवर काय छापायचं, ते सिस्टर आणि मी मिळून ठरवलं. नाव, आडनाव, खोलीचा नंबर.

दिल्लीत ही गोष्ट एवढी सरळ नसते. सात नंबरच्या खोलीतले एक गृहस्थ डेप्युटी सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. त्यांना टॅगवर हुद्दा पाहिजे होता. मी पट्टी दाखवून म्हटलं, पाच सेंटिमीटरमध्ये मावत नाही. ते म्हणाले, "नाम छोटा कर दीजिए." मी त्यांचं नाव बारीक करून हुद्दा घातला. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरचे आले. ते जॉइंट सेक्रेटरी होते आणि त्यांचं म्हणणं, की अक्षर सात नंबरपेक्षा मोठं पाहिजे. शेवटी सिस्टरनी दोघांचेही हुद्दे काढून टाकले. म्हणाल्या, धुलाईत सगळे एकत्रच जातात.

दोन महिन्यांत सगळ्यांच्या कपड्यांना टॅग लागले. भांडणं थांबली. सिस्टरनी सगळ्यांना सवय लावली, की घालण्याआधी टॅग वाचायचा. मला समाधान वाटत होतं. मग एका सकाळी सिस्टरचा फोन आला.

"चौदा नंबर कपड़े नहीं बदल रही. आठ दिन हो गए. मराठी में कुछ बोलती है. आप आ जाइए."

चौदा नंबरच्या खोलीत वसुधा कर्णिक राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. यजमान दिल्लीतच सरकारी अधिकारी होते, ते वारले. मुलगा गिरीश गुडगावला एका कंपनीत मोठ्या पदावर. दोन वर्षांपासून त्यांची स्मृती जात चालली होती. आधी नवी माणसं गेली, मग हिंदी गेली. मराठी तेवढी राहिली होती आणि निवासात मराठी कुणालाच येत नव्हती.

मी गेलो तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या. अंगात आठ दिवसांचा गाऊन. शेजारी धुतलेल्या कपड्यांची घडी, हात न लावलेली.

मी म्हटलं, "काकू, कपडे बदलायचे नाहीत का?"

"बदलायचेत की. माझे आणून द्या."

"हे तुमचेच आहेत."

त्यांनी वरचा गाऊन उचलला, कॉलरचा टॅग माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवून वाचला. "वसुधा कर्णिक. हे त्या बाईंचे आहेत. रोज माझ्याकडे आणून टाकतात. मी दुसऱ्याचं घालत नाही. त्यांना नेऊन द्या, त्या बिचाऱ्या शोधत असतील."

"मग तुमचं नाव काय?"

"यमुना."

"आडनाव?"

त्या जरा हसल्या. "आडनाव कशाला? मी घरातलीच ना?"

टॅग लागण्याआधी त्या जे दिलं ते घालत होत्या. माझ्या टॅगने त्यांना कळलं, की ते कपडे त्यांचे नाहीत.

लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल आमच्या ख्रिस्ती घरात नव्हती, पण आर. के. पुरमच्या जिन्यात होती. वरच्या मजल्यावरच्या जोगळेकर काकूंना भेटायला गावाहून आलेला भाऊ त्यांना वेगळ्याच नावाने हाक मारायचा आणि आम्हा मुलांना ती गंमत वाटायची. म्हणून मला लगेच अंदाज आला. सिस्टरना मी समजावलं, तेव्हा त्यांनी तो टॅग पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "पूरा नाम बदल देते हैं? पहला वाला भी?"

गिरीशना फोन केला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

"यमुना? नाही हो. आई वसुधाच. आधार, पासपोर्ट, पेन्शन, सगळीकडे वसुधाच आहे."

"माहेरचं नाव असेल. कुणाला विचारता येईल का?"

संध्याकाळी त्यांचा फोन आला. इंदूरला एक मावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सांगितलं होतं, यमुनाच ती, आम्ही यमू म्हणायचो. गिरीशच्या आवाजात थोडी नाराजी होती. "वसुधा हे बाबांनी ठेवलेलं नाव आहे, गायकवाड साहेब. साठ वर्षं तेच चालत आलंय. असं एकदम पुसून टाकायचं म्हणजे..."

"पुसायचं नाही. फक्त कपड्यांवर."

"चलो, ठीक आहे. कपड्यांवर करा. रजिस्टरमध्ये काही बदलू नका."

मी नवीन टॅग छापले. 'यमुना कर्णिक' छापलं असतं तर त्या पुन्हा कुणा कर्णिक बाईंना शोधत बसल्या असत्या, म्हणून आडनाव गाळलं. नाव आणि खोलीचा नंबर. यमुना १४. बावीस टॅग. निवासात लाँड्रीचे कपडे सांभाळणारी बाई जुने उसवून नवीन शिवत बसली. दुपारी यमुनाबाईंनी गाऊन हातात घेतला, टॅग वाचला, मान हलवली आणि आंघोळीला गेल्या. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हे कबूल करतो.

दीड महिन्याने, जानेवारीत, सकाळी दहाला सिस्टरचा फोन आला. बाहेर धुकं होतं, पलीकडची बिल्डिंग दिसत नव्हती.

"चौदा नंबर सुबह से नहीं है. दूध की गाड़ी आई थी, गेट खुला था. गायकवाड जी, टैग पर हमारा फोन नंबर है न?"

मी म्हटलं, "नहीं."

मी फोन ठेवला आणि तसाच निघालो. 

निवासात पोचलो तेव्हा गिरीश गुडगावहून निघाले होते. सिस्टरनी जवळच्या पोलीस चौकीत वसुधा कर्णिक हरवल्याचं कळवलं होतं, फोटो दिला होता. फोटो पासपोर्टवरचा, दहा वर्षांपूर्वीचा, अंबाड्यातला. आता केस बारीक कापलेले होते. अंगात गाऊन, वर राखाडी स्वेटर, पायात मोजे आणि घरातल्या चपला. तशा थंडीत चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस किती वेळ टिकेल, हे सिस्टरना माहीत होतं. त्या सारख्या गेटपर्यंत जाऊन येत होत्या.

गिरीश आले. त्यांच्या गाडीतून आम्ही आजूबाजूचे सेक्टर पालथे घातले. काच खाली करून मी प्रत्येक चहावाल्याला विचारत होतो. तासभर गेला. गिरीश स्टिअरिंगवरून नजर न काढता म्हणाले, "रजिस्टरमध्ये एक नाव, कपड्यांवर दुसरं. आता कुणी तिला विचारलं, तर ती सांगणार यमुना. आणि पोलिसांच्या कागदावर वसुधा."

ते खरं होतं. मी तो टॅग डोळ्यांसमोर आणला. भाटिया साहेबांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. मी तो टॅग एकाच वाचणाऱ्यासाठी छापला होता. रस्त्यावरच्या माणसाने तो वाचला, तर त्याला काय दिसेल?

यमुना १४.

मी म्हटलं, "गिरीश, हे नाव वाटणार नाही. पत्ता वाटेल."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. नोएडात राहणाऱ्याला पुढचं समजावावं लागत नाही. इथे सोसायट्यांतल्या टॉवरना नद्यांची नावं असतात. गंगा, यमुना, नर्मदा, कावेरी. यमुना चौदा म्हणजे यमुना टॉवर, फ्लॅट चौदा. सापडलेल्या म्हाताऱ्या बाईला नाव विचारलं, तर तीही यमुनाच म्हणणार. कुणालाही वाटेल, बाई आपला पत्ता सांगतेय.

गिरीशनी मोबाइलवर जवळपासच्या सोसायट्या शोधल्या. पहिल्या सोसायटीत टॉवरना फुलांची नावं होती. दुसरीत यमुना होता. गेटवरच्या गार्डला मी विचारलं, "कोई बुजुर्ग माताजी आई थीं क्या?"

"आई थीं न," तो म्हणाला. "पुलिसवाली मैडम लेकर आई थी. बोली, यमुना चौदह की हैं. चौदह वालों को बुलाया, उन्होंने बोला, हमारी नहीं है. फिर ले गए."

"कहां?"

त्याने हात केला. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. ती हद्द दुसऱ्या चौकीची. आमची तक्रार अलीकडच्या चौकीत होती.

पलीकडच्या चौकीत त्या होत्या. एका खुर्चीत, हीटरसमोर, अंगावर पोलिसांची जाड घोंगडी. एक तरुण महिला कॉन्स्टेबल शेजारी बसून त्यांना चहात बुडवलेलं बिस्किट देत होती. ई-रिक्षावाल्याने त्यांना साडेआठला रस्त्याच्या कडेला बघितलं होतं आणि आणून सोडलं होतं. कॉन्स्टेबल म्हणाली, "कॉलर पर यमुना चौदह लिखा देखा, तो दो सोसाइटी घुमा लाए. नाम पूछो तो यमुना, पता पूछो तो यमुना. हमने सोचा दिल्ली का यमुना विहार तो नहीं. वहां भी फोन किया है."

गिरीश पुढे होऊन वाकले. "आई."

त्यांनी बघितलं नाही. हीटरच्या लाल तारांकडे बघत राहिल्या.

"आई, मी गिरीश."

त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. कॉन्स्टेबलने माझ्याकडे बघितलं. तिला खात्री पाहिजे होती, आणि ते बरोबरच होतं. सकाळपासून दोन सोसायट्यांनी त्यांना नाकारलं होतं. उगाच कुणाच्याही हाती ती त्यांना देणार नव्हती. मी काही बोलणार, तेवढ्यात गिरीश खाली गुडघ्यांवर बसले. त्यांच्या ओठांवर शब्द आधी नुसताच आला, आवाज नंतर.

"यमू."

त्या वळल्या. त्यांच्याकडे नीट बघितलं.

"किती उशीर केलास, दादा. नाना रागावले असतील."

"नाही रागावले," गिरीश म्हणाले. "चल."

त्यांनी हात धरला आणि त्या उठल्या. कॉन्स्टेबलने रजिस्टर पुढे केलं. नात्याच्या रकान्यात गिरीशनी 'मुलगा' लिहिलं. तिने ते वाचलं, त्या दोघांकडे बघितलं आणि दुसरं काही विचारलं नाही. घोंगडी राहू द्या, म्हणाली, नंतर आणून द्या.

यमुनाबाईंना थंडीने न्यूमोनिया झाला. बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, बऱ्या होऊन आल्या. त्या बारा दिवसांत मी निवासातल्या सगळ्यांचे टॅग पुन्हा छापले. पट्टी रुंद घेतली. वर नाव, खाली निवासाचा फोन नंबर, आणि खोलीचा नंबर काढून टाकला. चाळीस माणसांचे सगळे कपडे, म्हणजे हजाराच्या आसपास टॅग. यावेळी नमुन्याचा एक टॅग मी आधी आमच्या सोसायटीच्या गार्डला दाखवून विचारलं, की हे वाचून तू काय करशील. फोन करेन, म्हणाला. मग बाकीचे छापायला घेतले.

गिरीशची मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही नंबर विसरलात. मी नाव विसरलो होतो. म्हणजे, विसरलो पण नव्हतो. विचारलंच नव्हतं." त्यानंतर ते दर शनिवारी येत राहिले. आईशी दादा होऊन बोलत. नानांची, परसातल्या विहिरीची, शाळेतल्या कुठल्याशा बाईंची चौकशी करत; इंदूरच्या मावशींना फोन करून आधी माहिती काढून येत. यमुनाबाई त्यानंतर वर्षभर होत्या. गेल्या तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर नाव वसुधा लागलं, आणि ते तसंच लागायला हवं होतं.

मी अजून मंगळवारी जातो. हेड आता जुनं झालंय, एक ठिपका मेलाय, त्यामुळे प्रत्येक टॅगवर एक बारीक पांढरी रेघ येते. नवीन हेड मिळत नाही. मी अक्षरं रेघेच्या खाली सरकवतो.

सिस्टरनी प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय: बचपन में घर पर क्या बुलाते थे. तो भरताना मुलं हमखास थांबतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. आई खुर्चीत बसलेली, मांडीवर पर्स. त्यांनी बाकीचा फॉर्म भराभर भरला. ब्लड ग्रुप, औषधं, विमा. या रकान्याशी पेन अडलं.

"सिस्टर, ये मामाजी से पूछना पड़ेगा. कल बता दूं?"

आई म्हणाली, "बिट्टो."

त्यांनी वळून बघितलं.

"बिट्टो बुलाते थे," ती म्हणाली. "लिख दे."

मी स्टोअररूममध्ये जाऊन मशीन सुरू केलं आणि तो एक टॅग छापला, म्हणजे अक्षर मोठं दिसतंय की लहान, ते बघायला. कापला तेव्हा कड अजून गरम होती. बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला. लाँड्रीच्या बाईने शिवायला घ्यावा म्हणून हात पुढे केला. बाईंनी टॅग तिला दिला नाही. पर्स उघडली, आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

मी दुसरा छापला.